बाजार कोणत्या वारी?

आबांनी आयुष्यात एकाही मुलाला खोटा धीर दिला नाही, असं त्यांच्या शोकसभेत एकामागून एक वक्त्यांनी सांगितलं आणि सभागृह गंभीर झालं. ते खरंच होतं. आबा मुलांशी फारसं बोलतच नसत. नव्या मुलाला ते एक प्रश्न विचारत, उत्तर ऐकून घेत, आणि मग कित्येक दिवस त्यांचा त्या मुलाशी संबंध 'मागे सरका' आणि 'ताट धुतलं का' एवढाच राही. धीर द्यायचं काम स्वयंपाकघरातल्या अक्का करत. त्या गरजेप्रमाणे खोटाही देत.

आबा एसटीत कंडक्टर होते. मूळचे धुळ्याकडचे, नोकरीची बरीच वर्षं जळगाव डेपोत. निवृत्त झाल्यावर माणसं शेती करतात, भजन करतात किंवा सुनेच्या संसारात लक्ष घालतात. आबांनी असोदा रस्त्यावर एका जिनिंगवाल्याचं पडून असलेलं गोदाम मागून घेतलं आणि स्टेशनवर, बसस्टँडवर, उड्डाणपुलाखाली राहणारी मुलं तिथे आणायला सुरुवात केली. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो. सरकारी अर्जाची भाषा मला बरी जमते अशी माझी ख्याती होती, म्हणून मला संस्थेचा चिटणीस करण्यात आलं. समाजसेवेचं माझं भांडवल एवढंच.

गोदामाला संस्थेचं रूप आलं तरी आबांनी ती एसटीसारखीच चालवली. छताला दोरी बांधून तिला घंटा लावली होती. दोन टोले म्हणजे जेवण सुरू, एक टोला म्हणजे थांबा. ते स्वतः कायम दाराजवळच्या बाकावर बसत. तिकिटाचा जुना पंच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे आणि विचारात पडले की ते तो नुसताच कटकट वाजवत. गाद्या, खेळणी, देणगीदारांनी दिलेली भिंतीवरची सुविचारांची पाटी, यांतल्या कशाचंही त्यांना कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते रिकाम्या गादीचं. एखादं मूल घरी पोचलं की त्याची गादी गुंडाळून ठेवताना त्यांचा चेहरा उजळे. विश्वस्तांचा पडे. कारण मुलं कमी झाली की अनुदान कमी होतं, आणि पाहुण्यांना दाखवायला काही उरत नाही.

"आबा, संस्था वाढली पाहिजे," असं एकदा अध्यक्ष म्हणाले.

"कंडक्टर उतारू गाडीत साठवत नसतो साहेब," आबा म्हणाले. "उतरवत असतो."

आता तो प्रश्न. नवं मूल आलं की पोलीस विचारत, नाव काय, गाव कोणतं, तालुका कोणता. चार-पाच वर्षांच्या मुलाला तालुका नसतो. त्याचं गाव म्हणजे 'घर' आणि बापाचं नाव म्हणजे 'बा'. आबा विचारत, "तुन्हा गावना बाजार कोनता वारले रहास, भो?" मुलाला वार सांगता आला नाही तरी चाले. बाजारात काय असतं, नदी ओलांडून जावं लागतं का, खाऊ काय मिळतो, बैल विकायला येतात का, एवढं त्याला सांगता येई. मग आबा खिशातला पंच वाजवत बसत. अमळनेरकडचा असेल, नाही तर पारोळ्याकडचा, असं काहीतरी पुटपुटत. बाजाराच्या दिवशी गाडीला गर्दी किती होते यावर त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे खानदेशातले आठवडी बाजार त्यांना पाठ होते.

ही पद्धत शोकसभेत 'अभिनव' म्हणून गाजली. ती बऱ्याचदा फसे. सुरतहून आलेल्या एका पोराने 'आमच्याकडे मॉल असतो' असं सांगितल्यावर आबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या एकाने इतकं तपशीलवार वर्णन केलं की आबा त्याला घेऊन लागोपाठ तीन बाजार फिरले. प्रत्येक बाजारात त्याने जिलेबी खाल्ली आणि मान हलवली. परतताना एसटीत पोट धरून बसला आणि म्हणाला, "आबा, मी जळगावचाच आहे. बसस्टँडच्या मागचा." आबांनी त्याला काही केलं नाही. 'तिसऱ्या बाजाराची जिलेबी शिळी होती' एवढंच म्हणाले.

हाच प्रश्न ते देणगीदारांनाही विचारत. आमच्याकडे वाढदिवस साजरे करायला पुष्कळ लोक येत. केक, फुगे, टोप्या आणि फोटो काढायला एक पुतण्या. आबा त्यांना मुलांच्या पंगतीत बसवत, मुलांना वाढायला लावत आणि भरीत-भाकरीचा दुसरा घास तोंडात असताना विचारत, "तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो?" सावद्याच्या केळीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला तो सांगता आला नाही. तो हसून म्हणाला, "आबा, आता माझं गाव म्हणजे पुण्याचा फ्लॅट." आबांनी ताटाकडे पाहून म्हटलं, "मग तुम्ही हरवले तर अवघड आहे."

त्यांना पुरस्कार मिळत. धुळ्याच्या एका संस्थेने दिला तेव्हा मी बरोबर होतो. मानपत्रात त्यांना 'अनाथांचा नाथ' म्हटलं होतं. उत्तरादाखल आबा उठले आणि म्हणाले, "यातली बरीचशी मुलं अनाथ नाहीत. त्यांचा पत्ता आपल्याला माहीत नाही, एवढंच आहे." आणि खाली बसले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या भाषणाला अर्धा तास दिला होता. तो वेळ पालकमंत्र्यांच्या प्रतिनिधींनी भरून काढला. शाली आबा घरी नेत नसत. अक्का त्या जोडून गोधड्या शिवत. थंडीत गोदामात मुलं जीवनगौरव पांघरून झोपलेली असत.

हे सगळं का करता, असं मी त्यांना एकदाच विचारलं. असोद्याच्या एका शेतात भरिताची वांगी भाजत होती, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे विचारायला सोपं गेलं. त्यांनी सांगितलं ते असं. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली तेव्हा मागच्या सीटवर एक लहान मुलगी झोपलेली सापडली. बरोबर कोणी नाही. आबांनी तिला कंट्रोलरच्या खोलीत बसवलं, बिस्किटाचा पुडा दिला, आणि परतीची फेरी होती म्हणून निघाले. पुन्हा त्या थांब्यावर गेले तेव्हा कंट्रोलर बदलून दुसरा आला होता. त्याला मुलगी माहीत नव्हती. कोणालाच माहीत नव्हती. "कुठे उतरली ते कळलं नाही," आबा म्हणाले, आणि काडीने वांगं उलटं केलं.

बुध्या आला तो दिवाळीनंतर. बुधवारी सापडला म्हणून बुध्या. खरं नाव कळेपर्यंत आबा मुलाला वारानेच हाक मारत. जळगाव स्टेशनवर गोणपाटावर झोपलेला सापडला. चारएक वर्षांचा, काळासावळा, मुठी घट्ट आवळलेला. तो बोलत होता, पण आमच्यापैकी कोणाला समजत नव्हतं. केस खांद्यापर्यंत वाढलेले, उवांनी भरलेले, एका बटेला लाल धागा.

संस्थेचा नियम होता की नवं मूल आलं की आधी न्हावी. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन विचारलं, "आबा, ही बट ठेवू का?"

अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्या असोद्याच्या. "आबा, धागा बांधेल हाये. कोनाचा तरी नवस असीन. राहू द्या मनलं."

"उवास्ले नवस नही रहास," आबा म्हणाले. "काप."

कापले. केस उकिरड्यावर गेले. बुध्या रडला नाही. नुसता डोक्यावरून हात फिरवत राहिला.

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर मुलांना तपासायला येत. त्या पावरा समाजातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. त्यांनी बुध्याशी दोन वाक्यं बोलताच तो असा सुटला की सिस्टरांना खुर्ची ओढून बसावं लागलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आबा, हा आमचाच आहे. पण कुठला ते कळत नाही. घरासमोर मोहाचं झाड आहे म्हणतो. ते सगळ्यांच्याच घरासमोर असतं."

"बाजार इचारा," आबा म्हणाले.

बाजारात लाल कानटोपीवाला माणूस असतो आणि तो गुडीशेव, म्हणजे गुळाची शेव देतो, असं बुध्याने सांगितलं. बास. आबांनी पंच वाजवायला सुरुवात केली. "बठ्ठा बाजार फिरी लिऊत," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला घेऊन चोपडा-यावलच्या वरच्या अंगाचे बाजार फिरू लागले. सुट्टी असली की मीही जाई. आबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. मूल खांद्यावर, हातात काठी, आणि काठीच्या टोकाने माझ्यासारख्याला बाजूला सारत चालत.

टोपीवाला सापडला. बुध्या आबांच्या खांद्यावरून घसरून उतरला आणि गर्दीतून पळत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारून उभा राहिला. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, एवढे ते खूश झाले होते. टोपीवाल्याने खाली वाकून पोराला नीट पाहिलं.

"कोणाचा आहे रे हा?"

"तेच तुला विचारायला आलो," आबा म्हणाले.

"आबा, माझ्यापुढे पोरं उभी राहतात ती शेवेकडे बघतात आणि मी तराजूकडे. कोण कोणाला ओळखणार?" मग त्याने डोकं खाजवलं. "आणि मी आठवडाभर वेगवेगळ्या बाजारात असतो. हा कोणत्या बाजारातला ते मला काय माहीत?"

मग आबा मुलाला घेऊन त्याच्या टेम्पोतूनच हिंडले. त्याचे सगळे बाजार झाले. बुध्या पाटीशेजारी बसून गुडीशेव खाई. येणारे-जाणारे म्हातारे त्याला पाहत, "आपल्यातलाच दिसतो" म्हणत आणि पुढे जात. शेवटी सिस्टरच आबांवर वैतागल्या. "आबा, तुम्ही रिकाम्या गावात माणूस शोधताय. याला ओळखणारे सगळे ऊस तोडायला गेलेत. कोणी गुजरातेत, कोणी खाली दक्षिणेकडे. भोंगऱ्याला येतील. भोंगऱ्याला कोणी बाहेर राहत नाही."

होळीच्या आधीच्या आठवड्यात पायथ्याच्या गावांचे जे बाजार भरतात ते भोंगऱ्याचे. आज या गावात, उद्या त्या. ढोल, बासऱ्या, नवे कपडे, चांदीचे दागिने. मुकादमाची उचल फिटली नसली तरी माणूस त्या आठवड्यात परत येतो.

पण होळी लांब होती आणि समितीची तारीख जवळ. मुलांचे निर्णय घेणारी जी समिती असते तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एवढं लहान मूल ठेवायला आमची संस्था मान्य नव्हती आणि इतके आठवडे कोणी तक्रार द्यायला आलं नव्हतं. मूल मोठ्या शहरातल्या शिशुगृहात जाणार, तिथून पुढे दत्तक. एकदा तिकडे गेलं की बाजार संपला. बुध्याला कोणीतरी चांगलं घर मिळालं असतं आणि सातपुड्यातलं एक घर त्याला जन्मभर शोधत बसलं असतं. आबा त्या आठवड्यात जेवणाची घंटा द्यायलाही विसरले.

समितीपुढे मी लिहिलेला अर्ज ठेवला. त्यात 'पारंपरिक लोकजीवन' वगैरे शब्द मी घातले होते. अध्यक्ष मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला.

"आबा, मुदतवाढ कोणत्या आधारावर देऊ?"

"भोंगऱ्याच्या."

"तो कायद्यात कुठे आहे?"

"कायद्यात नाही. पण येतो."

मॅडमनी पेन उचललं. मग चिडूनच म्हणाल्या, "येतो हे मला सांगू नका. त्या आठवड्यात आमच्या शेतावर केळीला पाणी द्यायला माणूस उरत नाही. हजेरी दुप्पट देते म्हटलं तरी कोणी थांबत नाही." आणि त्यांनी होळीपर्यंतची मुदत लिहून दिली. होळीच्या दुसऱ्या दिवशी मूल शहरात पाठवायचं. आबांनी नमस्कार केला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई रागावली म्हणून जमलं."

भोंगऱ्याचे पहिले बाजार वाया गेले. शेवटच्या बाजाराला मी, आबा, सिस्टर आणि बुध्या असे गेलो. बुध्याला अक्कांनी नवा शर्ट आणि उन्हासाठी टोपी घातली होती. मला वाटलं ढोलाच्या गर्दीत जायचं. आबा म्हणाले, "बाजारात नही. उतारावर." आणि जिथे जीपगाड्या रिकाम्या होत होत्या तिथे रस्त्याच्या कडेला मुलाला खांद्यावर घेऊन उभे राहिले. गाडी आली की दाराशी जात. उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मुलाला दाखवत आणि मुलाचा चेहरा त्याला. ऊन चढलं. मी दोनदा म्हटलं, आबा, मी घेतो त्याला. त्यांनी ऐकलं नाही. गाड्या कमी होत गेल्या. ढोल जोरात होते आणि आबांचा पंच मात्र बंद होता.

टपावरही माणसं बसलेल्या एका जीपमधून एक बाई उतरली. कडेवर तान्हं, डोक्यावर बोचकं. तिने आबांच्या खांद्यावरच्या मुलाकडे पाहिलं आणि मोठ्याने काहीतरी म्हटलं. बुध्याने टोपीखालून ओ दिली. मी सिस्टरांकडे पाहिलं.

"'दिलवर, आजा कुठाय?' असं विचारतेय," सिस्टर म्हणाल्या. त्यांचाही चेहरा गोंधळलेला होता.

मुलगा हरवलेल्या आईने धावत येऊन मुलाला उराशी धरावं, अशी माझी अपेक्षा होती. आबांचीही असावी, कारण अशा वेळी म्हणायचे दोन शब्द त्यांनी ठरवलेले असत आणि ते घसा साफ करत होते. बाई निवांत चालत आली. शेजाऱ्याकडे ठेवलेलं पोर घ्यावं तसं तिने पोर घेतलं, त्याची टोपी काढली, आणि किंचाळली.

"केस कोणी कापले म्हणून विचारतेय," सिस्टर हळूच म्हणाल्या. "देवाचे होते. या होळीनंतर उतरवायचे होते."

आबांनी घसा साफ करणं थांबवलं.

तेवढ्यात मागून दुसरी जीप आली आणि तिच्यातून एक म्हातारा उतरला. त्याने बाईजवळ दिलवरला पाहिलं आणि त्यालाही काही विशेष वाटलं नाही. मग सिस्टरांनी दोघांना एकत्र उभं करून सगळं विचारलं, आणि उलगडा झाला तो असा. दिवाळीनंतर जळगाव स्टेशनवर दोन टोळ्या दोन दिशांना निघाल्या. एकीत आई-बाप, दुसरीत आजा, मामा आणि मामाची पोरं. दिलवर कधी इकडे, कधी तिकडे. आईने त्याला शेवटचं पाहिलं ते आज्याकडे पळताना. आज्याने पाहिलं ते आईकडे पळताना. मधे तो गोणपाटावर झोपला. फोन होते. मुकादमाच्या फोनवरून आई विचारायची, पोरं बरी आहेत ना. आजा म्हणायचा, बरी आहेत. मग आजा विचारायचा, तिकडची बरी ना. ती म्हणायची, बरी आहेत. दोघंही खरं बोलत होते.

म्हणजे आम्ही ज्याच्या आईला दिवाळीपासून होळीपर्यंत बाजारोबाजार शोधत होतो त्या मुलाला कोणी शोधतच नव्हतं. तो हरवला आहे हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

सिस्टरांनी ते सांगितलं तेव्हा बाई ऐकत राहिली. मग कडेचं तान्हं तिने आज्याच्या हातात दिलं आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसली. दिलवरला मांडीत घेऊन ती त्याचे पाय चाचपू लागली, मग गुडघे, पाठ, मान. ढोल वाजत होते, गाड्या वळत होत्या, आणि ती पोराच्या हातांची बोटं एकेक करून उघडून पाहत होती. आबा तिच्यासमोर उभे होते. ते हळूच दोन पावलं मागे सरकले. दारातून माणसाला उतरायला जागा द्यावी तसे.

पुढे समितीसमोर कागदपत्रं झाली, मॅडमनी रीतसर ताबा दिला, आणि बुध्याची गादी गुंडाळली गेली. पण केसांचं राहिलंच. आज्याने निरोप पाठवला की देवाचे केस परस्पर गेले, याचा दोष कापणाऱ्यावर आहे. पुजाऱ्याने विचार करून निवाडा दिला: कापणाऱ्याने स्वतः येऊन एक कोंबडं द्यावं.

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी आयुष्यात अंडंही फोडलं नव्हतं. विश्वस्तांनी सुचवलं की पैसे पाठवून द्या. अक्का म्हणाल्या, "मी तव्हाच सांगत होती." आबा म्हणाले, "चूक मन्ही शे, कोंबडं मीच लई जासू."

जळगावहून एसटीत आम्ही दोघं बसलो. कोंबडं टोपलीत, टोपलीवर फडकं, फडक्यातून तुरा बाहेर. कंडक्टर आबांना ओळखणारा होता. त्याने वाकून पायांना हात लावला आणि मग टोपलीकडे पाहिलं.

"राहू द्या आबा. याचं काय तिकीट."

"नियम शे. अर्धं फाड."

"पण मशीनमध्ये कोंबडं नाही ना आबा. पूर्ण आहे, ज्येष्ठ आहे, मूल आहे."

आबांनी खिशातला पंच दोनदा वाजवला. "मग मूल टाक."

दिलवरला भोंगऱ्याला नेलं तेव्हा तो पाच वर्षांच्या आतला असल्यामुळे त्याचं तिकीट लागलं नव्हतं. या खेपेला मशीनमधून तीन तिकिटं निघाली. माझं पूर्ण, आबांचं ज्येष्ठ म्हणून शून्य रुपयांचं, आणि तिसऱ्यावर छापलं होतं, मूल एक.